शेजारी दुसरा कप ठेवा: जपानी हिरवा चहा चाखायची सोपी रीत

सोलापुरात हिरवा चहा म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती कागदी पुडी, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवलेली, आणि ते कडू पाणी औषधासारखं संपवणारा, वजन उतरवायला निघालेला एखादा ओळखीचा माणूस. त्या पाण्यात पिण्यासारखं काही नाही असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. जपानी हिरवा चहा मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि तो कळायचा असेल तर एक करायचं: एका वेळी एकच चहा प्यायचा नाही. एकच कप समोर आला तर "बरा आहे" किंवा "गवतासारखा लागतो" यापलीकडे जीभ जात नाही. शेजारी दुसरा ठेवला की तीच जीभ बोलायला लागते. हा गोडसर, तो तुरट, याला भाजलेल्या दाण्यांचा वास, त्याला नुकत्याच शिजवलेल्या पालेभाजीचा.

रविवारी सकाळी जुळे सोलापुरात आमची पाच-सहा जणांची बैठक बसते ती याचसाठी. त्यात सूतगिरणीतून निवृत्त झालेले एक काका आहेत, बँकेतले दोघे आहेत, आणि दूध-साखरेशिवायच्या चहाला चहा म्हणायलाच तयार नसलेल्या एक काकू आहेत. त्यांची जीभ आमच्यात सगळ्यात तिखट निघाली, ते पुढे येईलच.

मुळात झाड एकच. टपरीवरच्या आसामी पुडीचं आणि जपानी चहाचं झाड एकाच जातीचं, कॅमेलिया सायनेन्सिस. पान खुडल्यावर त्यातली विकरं हवेतल्या प्राणवायूच्या साथीने कामाला लागतात आणि पान तांबूस-काळं होतं. काळ्या चहात हे मुद्दाम होऊ देतात. आपल्या सीटीसी चहात तर पान चिरडून, फाडून, गोल वळवून ही क्रिया जोरात घडवून आणतात, म्हणूनच तो दुधाला पुरून उरतो. हिरव्या चहात विकरांना उष्णता देऊन लगेच निकामी करतात. चीनमध्ये हे बहुतेक तापलेल्या कढईत होतं, जपानमध्ये बहुतेक वाफेवर. कढईतल्या चहाला खमंग वास येतो, वाफवलेल्या चहात पानाचा हिरवेपणा आणि किंचित समुद्री वास राहतो. जपानमध्येही क्युशू बेटावर उरेशिनोसारख्या भागात कढईची जुनी पद्धत थोडीफार टिकून आहे. अगदी पहिल्यांदा जोडी लावायची तर चीनचा लोंगजिंग आणि जपानचा सेंचा अशी लावावी. एवढा ढळढळीत फरक पाहिल्यावर पुढचे बारीक फरक शोधायला हुरूप येतो.

सेंचा हा जपानमधला रोजचा, सगळ्यात जास्त होणारा चहा. त्याची आजची पद्धत क्योटोजवळच्या उजितावारा इथल्या नागातानी सोएन यांनी १७३८ साली बसवली असं मानतात. वाफवलेलं पान गरम पृष्ठभागावर हाताने मळत-वळत सुकवायचं, म्हणजे ते सुईसारखं होतं आणि रंग हिरवा राहतो. त्याआधी सामान्य माणसाच्या वाट्याला येणारा चहा तपकिरी असे. आता वळायचं काम यंत्रं करतात, पण पायऱ्या त्याच आहेत.

आता फरक कुठून येतात ते पाहू. सगळ्यात मोठा फरक पाडते सावली. चहाच्या झाडाच्या मुळांत थिअनीन नावाचं अमिनो आम्ल तयार होतं आणि ते वर कोवळ्या पानांत जातं. पानावर ऊन पडलं की त्याचं विघटन होतं आणि त्यातून कॅटेचिन बनायला मदत होते. थिअनीन म्हणजे गोडसर, भरलेली चव. कॅटेचिन म्हणजे कडू-तुरटपणा. खुडणीआधी झाडांवर आच्छादन घालून ऊन अडवलं तर थिअनीन पानातच साठून राहतं, आणि कमी उजेडात काम भागवण्यासाठी पान हरितद्रव्य वाढवतं, म्हणून रंगही गडद होतो. साधारण तीन आठवडे झाकलेल्या पानाचा ग्योकुरो होतो, आठवडा-दोन आठवडे झाकलेल्याचा काबुसेचा, आणि उघड्यावर वाढलेल्याचा सेंचा. क्योटोकडचं उजी आणि फुकुओकामधलं यामे ही ग्योकुरोची नावाजलेली ठिकाणं.

माचाही सावलीतल्या पानाचाच. ते पान वळत नाहीत, तसंच सुकवून, देठ-शिरा काढून दगडी जात्यावर दळतात, आणि एका जात्यावर तासाला जेमतेम ४० ग्रॅमच्या आसपास पीठ पडतं. सध्या पुण्या-मुंबईच्या कॅफेंत माचाचं फार कौतुक चाललंय. दूध-साखर घालून तो प्यायला माझी हरकत नाही, पण आमच्या बैठकीत तो नसतो, कारण त्यात अख्खं पानच पोटात जातं आणि गाळलेल्या चहाशी त्याची तुलना जमत नाही.

थिअनीनच्या त्या भरलेल्या चवीला उमामी म्हणतात. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढून ही पाचवी चव दाखवून दिली. थिअनीन हे ग्लुटामेटचं जवळचं नातलग. ही चव आपल्याला अनोळखी आहे असं समजू नका. मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, आणि पिकलेल्या टोमॅटोचं सार, या दोन्हींत ती आहे. फक्त ती चहात असेल अशी आपली अपेक्षा नसते, म्हणून पहिला ग्योकुरो पिताना लोक दचकतात. काकूंनी पहिल्या घोटालाच "हे तर अळणी की ओ!" म्हणून कप खाली ठेवला होता. त्यांना ते नावाजायचं नव्हतं, पण नेमकं तेच त्या चहाचं वर्णन आहे.

दुसरा फरक वाफेचा. अर्धा मिनिट वाफवलेला तो आसामुशी: पानं अखंड, रंग स्वच्छ पिवळसर-हिरवा, वास तेज, चवीला थोडी धार. मिनिटभर किंवा त्याहून बऱ्यापैकी जास्त वाफवलेला तो फुकामुशी. शिझुओकाच्या माकिनोहारा पठारावर ही पद्धत रुजली. लांब वाफेने पान मऊ पडून तुटतं, चुरा होतो, तो चुरा कपात उतरतो आणि चहा गढूळ, गर्द हिरवा दिसतो. धार मात्र बोथट होते. नवख्या माणसाला बहुधा फुकामुशी आवडतो, कारण तो चुका पोटात घालतो. मला स्वतःला आसामुशी जवळचा, पण बैठकीत मी अल्पमतात असतो.

तिसरा हंगामाचा. सोलापूरकराला हुरडा कधी खायचा हे शिकवावं लागत नाही. दाणा हिरवा, कोवळा असतानाचे ते थोडे दिवस, गड्ड्याच्या जत्रेच्या आगेमागे. पुढे दाणा टणक होतो, मग त्याची भाकरी. चहाचंही असंच आहे. हिवाळाभर झाडाने साठवलेलं सगळं वसंतातल्या पहिल्या कोवळ्या फुटीत येतं. एप्रिल-मे मधल्या या पहिल्या खुडणीच्या ताज्या चहाला शिंचा म्हणतात. जपानी पंचांगात वसंतारंभापासूनचा ८८ वा दिवस, म्हणजे २ मेच्या आसपासचा, या खुडणीचा मानला जातो. पुढे जूनमध्ये दुसरी खुडणी, मग तिसरी. दरवेळी थिअनीन घटत जातं. उशिराच्या, निबर पानांचा तो बांचा, आणि तो रोजच्या जेवणासोबतचा चहा, भाकरीच्याच मानाचा. त्याला कमी लेखू नये.

जातींचाही हिशेब आहे. शिझुओकातल्या सुगियामा हिकोसाबुरो यांनी १९०८ साली निवडलेली याबुकिता ही जात जपानभर इतकी पसरली की अनेक दशकं बहुतांश लागवड तिचीच राहिली आहे. त्यामुळे "सेंचाची चव" म्हणून आपण जी ओळखतो ती बरीचशी याबुकिताची चव असते. दक्षिणेकडच्या कागोशिमात साएमिदोरी, युताकामिदोरी, आसात्सुयु अशा गोडसर जातीही होतात. तिथली सपाट शेतं यंत्राने खुडायला सोयीची. २०२४ साली कच्च्या चहाच्या, म्हणजे वाफवून-सुकवलेल्या पण अजून न निवडलेल्या चहाच्या, उत्पादनात कागोशिमाने शिझुओकाला पहिल्यांदाच मागे टाकलं. एक पाकीट याबुकिताचं, एक साएमिदोरीचं, दोन्ही फुकामुशी, अशी जोडी लावली तर जातीचा फरक हाताला लागतो.

उरलेले प्रकार थोडक्यात. होजिचा म्हणजे भाजलेला हिरवा चहा, तपकिरी आणि खमंग. गेन्माइचा म्हणजे भाजलेला तांदूळ मिसळलेला. कुकिचा देठांचा. हे तिन्ही आपल्या जिभेला पटकन पटतात. काकूंनी होजिचाला "हा खरा चहा" असं प्रमाणपत्र दिलं आहे.

चहा कितीही चांगला आणा, सोलापुरात खरी मेख आहे ती पाण्यात. जपानच्या नद्या आखूड आणि उताराच्या. पाणी डोंगरातून समुद्राकडे धावतं, खडकात फार मुरत नाही, म्हणून ते बहुतेक ठिकाणी मृदू असतं. हा चहा त्याच पाण्यावर वाढलाय. आपल्याकडे महापालिकेचं पाणी उजनीहून येतं तेही रोज नाही, आणि मधल्या दिवसांत बोअरवर भागवावं लागतं. बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. ते कॅटेचिनांना धरतं, वर साय आल्यासारखा पातळ पापुद्रा येतो, रंग मळकट होतो आणि वास दबून जातो. दूध घातलेल्या चहात हे कळत नाही, कारण तिथे झाकायला पुष्कळ काही असतं. एकदा एकच सेंचा दोन पाण्यांत करून पाहा, बोअरच्या आणि जारच्या. शेजारी ठेवलेले कप पाहून आमच्यातल्या काकांनी, ज्यांचा निम्मा जन्म सुताच्या रंगाच्या छटा पारखण्यात गेला, "हा एका घाण्यातला माल नाही" असा निकाल दिला होता. पानं एकाच पाकिटातली होती.

म्हणून जारचं किंवा घरच्या आरओचं पाणी घ्यावं. आरओचं पाणी अगदीच कोरं लागत असेल तर त्यात थोडं नळाचं मिसळावं. प्रमाण ज्याने त्याने ठरवायचं, आणि त्याचीही बैठक लावता येते.

पाण्याची उष्णता हा पुढचा मुद्दा, आणि पुडीवाल्या चहाची बदनामी यातच झाली आहे. थिअनीन कोमट पाण्यातही सहज उतरतं. कॅटेचिन आणि कॅफीन पाणी जितकं गरम तितकं जास्त उतरतात. म्हणजे उकळतं पाणी ओतलं की गोडवा झाकला जातो आणि कडूपणा वर येतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण ९८.५ अंशांना उकळतं. थर्मामीटर नसला तर गरम पाणी चिनीमातीच्या एका थंड कपातून दुसऱ्यात ओतायचं. दर वेळी ढोबळ मानाने दहा अंश उतरतात. दोनदा ओतलं की ऐंशीच्या जवळ, तीनदा ओतलं की सत्तरच्या. मे महिन्यात कपच तापलेले असतात आणि खोलीही, तेव्हा थोडं जास्त थांबायचं.

आमची मापं अशी आहेत. सेंचाला चार ग्रॅम पान, दीडशे मिलिलिटर पाणी, ७० ते ८० अंश, एक मिनिट. फुकामुशी असेल तर अर्ध्या-पाऊण मिनिटात ओतायचा. ग्योकुरोला पाच ग्रॅम पान आणि फक्त ६० मिलिलिटर पाणी, ५० ते ६० अंश, दोन मिनिटं. होजिचा आणि बांचाला बिनधास्त उकळतं पाणी, अर्धा मिनिट. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, तो घ्याच. चमच्याने मोजलं तर फसाल, कारण आसामुशीची लांब पानं आणि फुकामुशीचा चुरा यांचं चमचाभर वजन सारखं येत नाही.

जपानमध्ये यासाठी बाजूला दांडी असलेली क्युसु नावाची किटली वापरतात. तोकोनामे गावची लाल मातीची क्युसु प्रसिद्ध. ती नसली तरी अडत नाही. झाकणाचा कप आणि बारीक जाळीचं गाळणं पुरतं. पण क्युसुवाल्यांकडून एक सवय जरूर घ्यावी. तीन कप असतील तर थोडं-थोडं पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात ओतायचं, मग उलट तिसऱ्यापासून पहिल्याकडे. सुरुवातीचा चहा पातळ असतो, शेवटचा दाट, त्यामुळे असं ओतल्यावर सगळ्यांना सारखा मिळतो. तुलना करायची असेल तर हे शिष्टाचारापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. आणि शेवटचा थेंब निथळू द्यायचा. आत राहिलेल्या पाण्यात पान भिजत राहतं आणि दुसरं पाणी कडू होतं.

दुसरं पाणी म्हणजे त्याच पानावर पुन्हा ओतलेलं, जरा जास्त गरम आणि अगदी थोडा वेळ. तिसरंही निघतं. ग्योकुरोची उरलेली पानं फेकायची नाहीत. जपानमध्ये त्यांवर सोया सॉस किंवा लिंबूवर्गीय फळांच्या रसाचा आंबट सॉस घालून खातात. आमच्याकडे एकाने त्यांत शेंगाचटणी कालवली आणि कडक भाकरीबरोबर खाल्ली. चहाचा गंध चटणीत कुठच्या कुठे गेला, पण वाटी रिकामी झाली.

चाखताना नियम मोजके. एका बैठकीत एकच गोष्ट बदलायची. पाणी, वजन, वेळ, कप सारखे ठेवून फक्त पान वेगळं, किंवा पान तेच ठेवून फक्त उष्णता वेगळी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कपातला फरक कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही. कपाच्या बुडाला आकडे चिकटवायचे आणि कोणता कुठला हे ओतणाऱ्यालाच माहीत ठेवायचं. प्रत्येकाने आधी कागदावर लिहायचं, मग तोंड उघडायचं. एकाने "मासळीचा वास" म्हटलं की बाकीच्यांनाही तोच यायला लागतो. घोट आवाज करत, हवेसकट ओढायचा, म्हणजे वास घशामागून नाकात चढतो. बशीतून फुरके मारणाऱ्या पिढीला हे शिकवावं लागत नाही.

लिहिताना कडू आणि तुरट वेगळे ठेवा. कडू जिभेवर कळतं, कारल्यासारखं. तुरटपणा ही स्पर्शाची जाणीव आहे: कॅटेचिन लाळेतल्या प्रथिनांना बांधतात, म्हणून आवळा किंवा कच्चं केळ खाल्ल्यावर तोंड कोरडं, खरबरीत होतं. सेंचात थोडा तुरटपणा हवाच, त्याशिवाय तो मिळमिळीत लागतो.

जपानमधले व्यावसायिक परीक्षक मात्र उलटं वागतात. पांढऱ्या वाडग्यात तीन ग्रॅम पान आणि त्यावर दोनशे मिलिलिटर उकळतं पाणी. चहा चांगला लागावा हा हेतूच नसतो. उकळत्या पाण्यापुढे दोष लपत नाहीत. नवं पाकीट आलं की आम्हीही एकदा असं करतो. या माऱ्यातूनही जो चहा पिण्यासारखा राहतो तो खरा.

ओळखण्याच्या या खेळाला जपानमध्ये मोठी परंपरा आहे. चौदाव्या शतकात तिथे चहा ओळखण्याच्या पैजा लागत. क्योटोजवळच्या तोगानोओचा तो अस्सल चहा, बाकीचा दुय्यम, आणि कोणता कुठला हे घोटावरून सांगायचं. पैजा इतक्या वाढल्या की १३३६ सालच्या आशिकागा राजवटीच्या नियमावलीत, केम्मु शिकिमोकुत, चहाच्या बैठकांतल्या जुगारावर बोट ठेवलेलं आहे. आज उरला आहे त्याचा सभ्य अवतार, चाकाबुकी. त्यात दोन ग्योकुरो आणि तीन सेंचा असे पाच चहा, त्यांना फूल, पक्षी, वारा, चंद्र आणि पाहुणा अशी नावं. एकेक चहा येतो, प्रत्येकाने आपल्या अंदाजाची चकती पेटीत टाकायची. एकदा टाकली की परत घ्यायची नाही, पुढच्या चहाने आधीची चूक उमगली तरीही. आम्ही तीनच चहा घेतो आणि चकत्यांऐवजी पत्ते वापरतो. ज्यांना चहातलं काही कळत नाही म्हणून त्या स्वतः सांगतात, त्या काकू बहुधा जिंकतात.

बैठक लांबवायची असेल तर कॅफीनचं भान ठेवा. जपान सरकारच्या अन्नघटक तक्त्यात शंभर मिलिलिटर सेंचात २० मिलिग्रॅम कॅफीन आहे, कॉफीत ६०, आणि ग्योकुरोत तब्बल १६०. ग्योकुरो घोट-दोन घोटच पितात ते उगाच नाही. आधी हलके सेंचा, मग ग्योकुरो, आणि भाजलेला होजिचा शेवटी, कारण त्याच्यानंतर बाकीचे फिके वाटतात. रक्त कमी असलेल्यांनी जेवणाला लागून चहा टाळावा, त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. रात्री झोप जाते म्हणणाऱ्यांसाठी फ्रीजमधला थंड पाण्याचा सेंचा आहे: लिटरभर पाण्यात दहा-पंधरा ग्रॅम, काही तास. थंड पाण्यात कॅफीन कमी उतरतं आणि कडूपणाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात यापेक्षा चांगलं पेय मला ठाऊक नाही. ताकवाले रागावतील.

उन्हाळ्याचा दुसरा भाग साठवणीचा. उष्णता, उजेड, हवा आणि दमट हात हे हिरव्या चहाचे वैरी. चाळीसच्या वर गेलेल्या स्वयंपाकघरात उघडं पाकीट थोड्याच आठवड्यांत पिवळं पडतं आणि वाळल्या गवतासारखं लागतं. न उघडलेली पाकिटं फ्रीजमध्ये, मसाल्यांपासून लांब, दुहेरी पिशवीत ठेवावीत. बाहेर काढल्यावर लगेच फोडू नयेत. पाकीट खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, नाहीतर थंड पानावर दव धरतं. शिंचा जपानहून निघतो तो नेमका आपल्या कडक उन्हाळ्यात, आणि पार्सल कुठल्या तरी गोदामात भाजत पडतं. त्यामुळे पाऊस लागल्यावर मागवलेला बरा.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी ग्योकुरोच्या मागे लागू नये, तो महागही असतो आणि मापात चुकला की वाया जातो. पन्नास ग्रॅमचा एक आसामुशी, तेवढाच एक फुकामुशी आणि एक होजिचा घ्या. पन्नास ग्रॅममध्ये चार-चार ग्रॅमच्या बारा किटल्या होतात, त्या एकट्याने महिन्यात संपत नाहीत. चार घरांनी मिळून मागवा आणि पाकीट फोडलं त्याच दिवशी हवाबंद डब्यांतून वाटून घ्या.